भाकरी पोचवणाऱ्यांची नावं : विधानसभेतल्या एका भाषणाचं प्रकरण

सांगली जिल्ह्यातून विधानसभेत गेलेला आमदार, पक्ष कोणताही असो, पाच वर्षांत एकदा तरी सभागृहात प्रतिसरकारचं, म्हणजे ब्रिटिश राजवटीविरुद्ध गावोगाव उभ्या राहिलेल्या समांतर सरकारचं, नाव काढतोच. क्रांतिसिंह नाना पाटील, नागनाथअण्णा, जी. डी. बापू, वसंतदादा ही नावं घेतली जातात, बाकं वाजतात आणि पुढचा विषय सुरू होतो. या माणसांचं मोठेपण वादातीत आहे. पण सत्तर-पंचाहत्तर वर्षं तीच नावं सभागृहाच्या कामकाजात येत राहिली आणि त्यांच्यामागे उभी असलेली गावं मात्र ‘असंख्य अज्ञात कार्यकर्ते’ या तीन शब्दांत मावली.

एका आमदारांनी हे बदलायचं ठरवलं, त्याचं हे प्रकरण. १९४३ ते १९४६ या काळात भूमिगतांना भाकरी पोचवणारी, निरोप नेणारी, रात्रीपुरता आसरा देणारी आणि नंतर कुठल्याच यादीत न आलेली माणसं नावानिशी सभागृहाच्या नोंदीत आणायची, एवढाच हेतू होता. त्या वेळी मी त्यांच्या कार्यालयात भाषणांची टिपणं काढण्याचं काम करत होते. आमदार कोण, गाव कोणतं, घराणी कोणती हे कळेल असे तपशील इथे गाळले आहेत. निर्णय कसे झाले आणि कुठे अडलं ते मात्र घडलं तसं मांडते आहे, कारण असं भाषण करू पाहणाऱ्या कुठल्याही लोकप्रतिनिधीच्या कार्यालयात हेच प्रश्न उभे राहतील.

पार्श्वभूमी

१९४२च्या सप्टेंबरात सातारा जिल्ह्यात सरकारी कचेऱ्यांवर मोर्चे निघाले. ३ सप्टेंबरला तासगावात निघाला, ९ला वडूजला गोळीबार झाला, १०ला इस्लामपुरात. एकट्या वडूजला नऊ जण हुतात्मा झाले. उघड मोर्चांची वाट अशी रक्तात बंद झाल्यावर कार्यकर्ते भूमिगत झाले आणि १९४३पासून गावोगाव प्रतिसरकार उभं राहिलं. न्यायनिवाडे गावातच होऊ लागले, कमी खर्चात गांधी लग्नं लागू लागली, तुफान सेना हे प्रतिसरकारचं स्वयंसेवक दल तयार झालं. ७ जून १९४३ला शेणोलीजवळ रेल्वेगाडी लुटली गेली, २४ जुलैला वसंतदादा आणि त्यांचे साथी सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडले, १४ एप्रिल १९४४ला थेट धुळ्याकडे चिमठाण्याला सरकारी खजिना ताब्यात घेतला गेला.

हे सगळं छापलेलं आहे, शाळेत शिकवलं जातं. ही माणसं या काळात रोज जेवली कुठे, हे फारसं कुणी लिहिलेलं नाही. शे-दीडशे माणसं शाळूच्या रानात, उसात, डोंगराच्या कपारीत दिवस काढत असतील तर रोज कुणीतरी चुलीपुढे बसत होतं आणि कुणीतरी ते शिजवलेलं पोचवत होतं. पकडलं गेलं असतं तर त्यांनाही मार आणि तुरुंग चुकला नसता.

पुढे जे अडलं ते समजायला दोन गोष्टी माहीत हव्यात. पहिली म्हणजे, आजचा सांगली जिल्हा तेव्हा नव्हता. वाळवा, तासगाव, शिराळा हा भाग ब्रिटिशांच्या सातारा जिल्ह्यात होता, सांगली, मिरज, जत ही संस्थानं होती आणि कुंडलसारखं गाव औंध संस्थानात होतं. १९४९ला दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६०च्या नोव्हेंबरात त्याला सांगली हे नाव मिळालं. त्यामुळे १९४३ सालचा कागद शोधायचा तर तो ‘सातारा’ या नावाखाली किंवा एखाद्या संस्थानाच्या दप्तरात शोधावा लागतो. दुसरी गोष्ट हद्दीची. औंधच्या राजांनी १९३९ सालीच प्रजेला स्वराज्याची घटना दिली होती आणि ब्रिटिश पोलिसांना संस्थानी हद्दीत हात घालणं तितकं सोपं नव्हतं. भूमिगतांना त्याचा फार मोठा आधार झाला. पण ज्या गावात धाड पडली नाही, पंचनामा झाला नाही, त्या गावाचा कागदही तयार झाला नाही. ज्यांनी सगळ्यांत चोख लपवलं, त्यांचाच पुरावा आज सगळ्यांत कमी आहे.

यादी आली ती अशी

पावसाळी अधिवेशनाआधी गावातले एक निवृत्त गुरुजी आणि दोन-तीन मंडळी कार्यालयात आली. वहीच्या कागदावर शाईच्या पेनाने लिहिलेली चार पानं त्यांनी पुढे ठेवली. प्रत्येक नावापुढे एक ओळ होती. ‘मळ्यातल्या खोपीत तीन रात्री आसरा दिला.’ ‘निरोप घेऊन चालत कराडपर्यंत.’ ‘भाकऱ्या.’ नुसतं ‘भाकऱ्या’ असं लिहिलेली नावं बरीच होती आणि त्यातली बहुतेक बायकांची होती. त्यांचं मागणं साधं होतं : “साहेब, नऊ ऑगस्टच्या आत ही नावं एकदा विधानसभेत घ्या.”

साहेबांनी तिथेच होकार दिला. कार्यालयातल्या एका अनुभवी सहकाऱ्यांनी मात्र नंतर स्पष्ट सांगितलं की कागदाचा आधार नसलेलं नाव सभागृहात घेऊ नये. उद्या दुसऱ्या गावाने उठून ‘हे खोटं आहे’ म्हटलं तर साहेबांची आणि त्या माणसाच्या घरच्यांची, दोघांचीही शोभा होईल. त्यांचं म्हणणं बरोबर होतं. पण तेवढं धरून चाललं असतं तर चार पानांतली साडेतीन पानं तिथेच संपली असती.

आम्ही नावांचे तीन भाग केले. तुरुंगवास, वॉरंट, पेन्शनचा आदेश किंवा १९७२ साली स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवात मिळालेला ताम्रपट असा कागद असलेली नावं पहिल्या भागात गेली. शाळेच्या स्मरणिकेत किंवा गावच्या हुतात्मा स्मारकावर छापलेली, कोरलेली नावं दुसऱ्यात. तिसऱ्यात फक्त सांगोवांगी. हा तिसरा भाग सगळ्यांत मोठा निघाला, आणि भाषणाचा खरा हेतूही तोच होता.

या लोकांकडे कागद का नाही, याचं उत्तर नियमातच सापडतं. १५ ऑगस्ट १९७२पासून केंद्राची स्वातंत्र्यसैनिक पेन्शन सुरू झाली. तिच्यासाठी सर्वसाधारणपणे सहा महिन्यांचा तुरुंगवास लागतो, स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींना तीन महिन्यांचा. भूमिगत राहिल्याचा दावा असेल तर फरारी घोषित झाल्याचा किंवा वॉरंटचा पुरावा लागतो. पोलिसांना कधीच सापडली नाही अशी भाकरी नेणारी बाई या नियमात कुठेच बसत नाही. तिने अर्ज केला नाही. तिला कुणी कर म्हणालंही नाही.

तिसऱ्या भागासाठी आम्ही एक कसोटी ठरवली. एकमेकांच्या नात्यात नसलेल्या दोन घरांतल्या म्हाताऱ्या माणसांनी, एकमेकांचं न ऐकता, तीच गोष्ट सांगितली पाहिजे. जागा, वाट, हंगाम यांचा मेळ बसला पाहिजे. एकाच घरातून आलेलं नाव थांबवायचं, खोटं म्हणायचं नाही. ही कसोटी काही इतिहासकाराची नव्हे, हे मी मान्य करते. पण अधिवेशनाच्या आधी हाती असलेल्या दिवसांत आणि नव्वदी गाठलेल्या माणसांसमोर एवढं तरी नेकीने करता येत होतं.

आज्जींची दुरुस्ती

यादीत एका आज्जींचं नाव होतं, पुढे लिहिलेलं होतं ‘भाकऱ्या’. त्या तेव्हा बारा-तेरा वर्षांच्या होत्या. घरी गेले तेव्हा सून पुढे झाली, चहा ठेवला आणि सासूबाईंनी काय काय केलं ते स्वतःच सांगू लागली. आज्जी भिंतीला टेकून ऐकत होत्या. सुनेचं झाल्यावर म्हणाल्या, “त्येंनी ल्हिलंय ते माजं न्हाई. भाकऱ्या चुलतीनं केल्या. मी नुसती पाटी न्हेली. चुलतीचं घाला.”

मग त्यांनी पाटी कशी भरायची ते हाताने दाखवलं. तळाला फडक्यात गुंडाळलेल्या भाकऱ्या, त्यावर वाळलेल्या शेणी (गोवऱ्या), कडेला मुद्दाम दोन शेणी बाहेर आलेल्या, म्हणजे बघणाऱ्याला वरूनच कळावं की पोरगी शेणी घेऊन रानात चालली आहे. कोरड्यास, म्हणजे पातळ कालवण, द्यायचं नाही, कारण ते सांडलं तर वास येतो. भाकरीबरोबर चटणी आणि कांदा, एवढंच. बांधावर आल्यावर पाटी खाली ठेवायची, पायातला काटा काढल्यासारखं बसायचं, मागे वळून न बघता परत यायचं. पाटी दुसऱ्या दिवशी रिकामी मिळायची. कोण खातं ते त्यांना कधी सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही. ही पाटीची गोष्ट मला दोन दिवसांनी दुसऱ्या आळीतल्या एका आजोबांनी सांगितली. ते त्याच बांधावर म्हशी राखायचे, आणि कडेच्या दोन शेणींचा उल्लेख त्यांनी स्वतःहून केला.

आता प्रश्न आला चुलतीच्या नावाचा. गावात सगळे तिला ‘थोरली काकी’ म्हणायचे. मूल नव्हतं, ती जाऊन पन्नासएक वर्षं झाली होती. आज्जींना तिचं माहेर आठवत होतं, नाव आठवत नव्हतं. गुरुजी तलाठ्यांकडे गेले. जुन्या फेरफारात, नवऱ्यामागे वारस म्हणून लागलेल्या नोंदीत, तिचं नाव मिळालं. त्या दिवशी गुरुजी मोटारसायकलवरून तसेच कार्यालयात आले आणि नाव मोठ्याने वाचून दाखवलं. या सगळ्या कामातला सर्वांत आनंदाचा क्षण मला विचाराल तर तो हाच.

आज्जींच्या त्या एका वाक्याने यादी पुन्हा तपासावी लागली. जिथे जिथे ‘भाकऱ्या’ लिहिलं होतं तिथे केल्या कुणी, नेल्या कुणी, पीठ कुणाच्या घरचं, हे वेगवेगळं विचारलं. तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. यादी करणाऱ्यांनी प्रामाणिकपणेच यादी केली होती, पण ती वाड्यांची आणि मळ्यांची यादी होती. ज्यांच्याकडे लपवायला जागा होती त्यांची नावं आली होती. रात्री निरोप घेऊन जाणारे रामोशी, वाटेवर नजर ठेवणारे मातंग वस्तीतले दोघे भाऊ, भूमिगतांची दाढी करायला उसात जाणारे नाभिक, बैलगाडीतून माणूस गोणपाटाखाली घालून नेणारे एक मुस्लिम गाडीवान, यांची नावं गावाला पाठ होती आणि कागदावर नव्हती. गुरुजींना हे सांगितल्यावर त्यांना वाईट वाटलं. दुसऱ्याच दिवशी ते त्या वस्त्यांमध्ये स्वतः जाऊन बसले आणि नावं घेऊन आले. माझ्या मते हे काम झालं नसतं तर भाषण न झालेलंच बरं होतं. अर्धवट सन्मानाने उरलेल्यांचा दुसऱ्यांदा अपमान होतो.

एक नाव वगळलं

चार पानांत एका वजनदार घराण्याच्या आजोबांचं नाव होतं. तालुक्यात त्या घराण्याचं आजही चालतं, साहेबांशी संबंधही बरे होते. तीन वेगवेगळ्या म्हाताऱ्या माणसांनी हळू आवाजात सांगितलं की हे गृहस्थ भूमिगतांच्या बाजूचे नव्हते. एकाने तर त्यांना पत्री, म्हणजे प्रतिसरकारने गद्दारांना पायांच्या तळव्यांवर दिलेली शिक्षा, लागल्याचंही सांगितलं. घरच्यांकडे मात्र आजोबांनी धान्य दिल्याच्या आठवणी होत्या, आणि त्या सांगताना त्यांचे डोळे भरून येत होते.

साहेबांना मी दोन्ही बाजू सांगितल्या. राज्यघटनेच्या अनुच्छेद १९४नुसार सभागृहात बोललेल्या शब्दाबद्दल आमदारावर कोर्टात दावा लावता येत नाही. हे संरक्षण निर्भयपणे बोलण्यासाठी आहे, आणि म्हणूनच सभागृहाबाहेरच्या, उत्तर द्यायला उभं राहू न शकणाऱ्या माणसाबद्दल बोलताना दुप्पट जपावं लागतं. नाव घेतलं तर म्हाताऱ्यांच्या साक्षी खोट्या पडत होत्या. उलट बाजूने काही बोललं तर मेलेल्या माणसावर ऐकीव आरोप सरकारी नोंदीत कायमचा बसला असता. साहेबांनी दहा मिनिटंही घेतली नाहीत. नाव वगळायचं, कारण कुठेही बोलायचं नाही, घरच्यांना मी नव्हे तर ते स्वतः जाऊन भेटतील.

ते गेले. घरच्यांना राग आला आणि तो राहिला. पुढच्या निवडणुकीत त्या वाड्यावर सभा झाली नाही. याची किंमत साहेबांना ठाऊक होती आणि त्यांनी ती मोजली. सन्मानाच्या भाषणात काही धोका नसतो असं मानणाऱ्यांनी हा प्रसंग लक्षात ठेवावा.

कोणत्या आयुधाने बोलायचं

सभागृहात विषय मांडण्याच्या नियमातल्या साधनांना आयुधं म्हणतात. विधानसभेत कुणाचा गौरव करायचा तर सरळ वाटा कमीच. शोकप्रस्ताव आणि अभिनंदनाचे प्रस्ताव आमदाराच्या एकट्याच्या हातात नसतात. लक्षवेधीला मंत्र्यांचं उत्तर मिळतं, पण विषय तातडीचा आणि सार्वजनिक महत्त्वाचा दाखवावा लागतो, आणि पाण्याच्या, पिकाच्या, पुलाच्या लक्षवेधी बाजूला सारून ही लावा म्हणणं आम्हालाच पटेना. मंत्री नसलेल्या सदस्याने मांडायच्या अशासकीय ठरावाचं सगळं सोडतीवर अवलंबून. पुरवणी मागण्यांवर बोलताना त्या मागण्यांच्या बाबींना धरून राहावं लागतं, स्वातंत्र्यसैनिकांचा विषय सामान्य प्रशासन विभागाकडे येतो म्हणून ओढूनताणून तो तिथे बसवला असता तरी पीठासीन अधिकाऱ्यांनी मध्येच थांबवलं असतं. राहिला औचित्याचा मुद्दा. लेखी सूचना द्यायची, परवानगी मिळाली तर दोन-तीन मिनिटं, आणि मंत्र्यांनी तिथल्या तिथे उत्तर द्यावं असं बंधन नाही. आम्ही तो घेतला.

संपूर्ण यादी सभागृहाच्या पटलावर ठेवावी अशी एक सूचना आली होती. सदस्याला स्वतःहून कागद पटलावर ठेवता येत नाही, अध्यक्षांची परवानगी लागते, आणि कागदाची जबाबदारी सही करून आपल्यावर घ्यावी लागते. ज्या नावांची खात्री अजून चालू होती ती त्या कागदात जाऊन बसली असती. म्हणून ठरलं की कसोटीला उतरलेलीच नावं घ्यायची, आणि ती तोंडाने वाचायची.

मसुदा

माझ्याआधी तयार झालेला मसुदा छत्रपती शिवाजी महाराजांपासून सुरू होत होता, कृष्णामाईवर येत होता, मग यशवंतराव चव्हाणांचं देवराष्ट्रे, मग वि. स. पागे यांचं विसापूर आणि रोजगार हमी. प्रत्येक ओळ खरी आणि प्रत्येक नाव आम्हा जिल्ह्याच्या लोकांना प्राणापलीकडचं. पण मोठ्याने वाचून पाहिलं तर पहिलं गावकरी नाव येईपर्यंत दीड मिनिट गेलेलं असे. तीन मिनिटांत घंटा होणार. साहेबांना मी विनंती केली की नाव पहिल्या वाक्यातच येऊ द्या, इतिहास मागून येईल, आणि नाही आला तरी चालेल, तो सदस्यांना ठाऊक आहे.

मी लिहिलेला आरंभ असा होता : “अध्यक्ष महोदय, १९४३ ते १९४६ या काळात भूमिगत क्रांतिकारकांना अन्न आणि आसरा देणाऱ्या माझ्या मतदारसंघातल्या माणसांची नावं मी सभागृहाच्या नोंदीसाठी वाचतो. पहिली नावं कागदोपत्री सिद्ध आहेत. त्यापुढची नावं गावातल्या वेगवेगळ्या घरांतल्या वृद्धांनी सांगितलेली आहेत. त्यांना कागदाचा आधार नाही, कारण ज्या कामासाठी आपण त्यांचा सन्मान करतो आहोत ते काम कागद होऊ न देण्याचंच होतं.”

‘वृद्धांनी सांगितलेली’ हे शब्द काढावेत, त्याने नावांना कमीपणा येतो, असं काहींचं म्हणणं पडलं. मी त्यावर अडून बसले. ऐकीव गोष्ट ऐकीव म्हणून सांगितली तर ती टिकते. उद्या एखादं नाव चुकीचं निघालं तरी बाकीची नावं त्याच्याबरोबर वाहून जात नाहीत. नाना पाटील लोकसभेत मराठीतून बोलणारे पहिले खासदार, असं आपल्याकडे अभिमानाने सांगितलं जातं. ते ‘सांगितलं जातं’ असंच सांगावं, त्यात नानांचं काही उणं होत नाही. १९५७ साली साताऱ्यातून आणि १९६७ साली बीडमधून ते लोकसभेवर निवडून गेले, हे कागदावर आहेच.

बायकांची नावं कशी वाचायची यावरही बोलणं झालं. नवऱ्याचं नाव मध्ये घालून वाचायची की त्यांची स्वतःची? कागदावर एक, गावाच्या तोंडी दुसरं. साहेबांनी दोन्ही वाचायचं ठरवलं : आधी बाईचं स्वतःचं नाव, मग गाव तिला ज्या नावाने हाक मारत होतं ते. ‘थोरली काकी’ हे शब्द त्यामुळे विधानसभेच्या कामकाजात गेले.

शेवटी मागण्या. स्मारक बांधा ही मागणी तोंडावर येतेच, आणि स्मारकाला निधी मिळवणं साहेबांना अवघड नव्हतं. मी विरोध केला. दगडाचं काम पाच वर्षांनी केलं तरी होतं, नव्वदीच्या माणसांना तेवढी वाट बघायला सांगता येत नाही. हौसाताई पाटील २०२१ साली गेल्या. क्रांतिसिंहांची मुलगी म्हणून आणि स्वतःच्या कामानेही त्या प्रसिद्ध होत्या, त्यांच्या मुलाखती झाल्या. थोरल्या काकीला ओळखणारी आज्जी गेली की तो धागाच तुटतो. म्हणून मागण्या तीन ठेवल्या. सांगली आणि सातारा जिल्ह्यांत हयात असलेल्या वृद्धांच्या साक्षी शिवाजी विद्यापीठाच्या महाविद्यालयांमार्फत चित्रित कराव्यात. दर्शनिका विभागाने जिल्ह्याच्या दर्शनिकेच्या (गॅझेटियरच्या) पुढच्या आवृत्तीत या साक्षींना जागा द्यावी. आणि सातारा व संस्थानांच्या नावाखाली असलेली त्या काळची कागदपत्रं सांगलीच्या लोकांना जिल्ह्यातच पाहता येतील अशी सोय करावी.

सभागृहात

परवानगी मिळाली. सभागृहातलं बोलणं टिपून घेणाऱ्या प्रतिवेदकांना नावांची, गावांची आणि ‘शेणी’, ‘खोप’, ‘पत्री’ अशा शब्दांची टंकलिखित चिठ्ठी आधीच देऊन ठेवली होती. ज्यांना नावं नोंदवून घ्यायची आहेत त्यांनी हे न चुकता करावं. वेगाने वाचलेली आडनावं नुसत्या कानाने बिनचूक टिपणं कुणालाही कठीण आहे.

साहेब उभे राहिले तेव्हा सभागृहात गर्दी नव्हती. सुरुवातीला बाकांवर आपापसात बोलणं चाललं होतं. पहिली चार-पाच नावं गेल्यावर ते थांबलं. शेणींखालच्या भाकऱ्या त्यांनी दोन वाक्यांत सांगितल्या, बाकी नुसती नावं. घंटा झाली तेव्हा सहा नावं राहिली होती. त्यांनी मागण्यांचा परिच्छेद अर्ध्यावर आणला आणि राहिलेली सहाही नावं पूर्ण वाचली. शासनाने याची नोंद घ्यावी, असं अध्यक्षस्थानावरून सांगितलं गेलं. समोरच्या बाकावरच्या एका सदस्यांनी खाली बसता बसता आपल्याही तालुक्यातली अशी माणसं आहेत असं म्हटलं, आणि बाहेर आल्यावर त्यांनी साहेबांकडून आमची कसोटी लिहून घेतली.

मागण्या कापून नावं वाचली, यावर कार्यालयात दोन मतं पडली. मागण्या पत्राने पाठवता येतात, नावं पत्राने सभागृहात जात नाहीत. माझ्या मते साहेबांनी केलं ते योग्य केलं.

नंतर काय झालं

कामकाजाची प्रत हाती आल्यावर नावं गुरुजींबरोबर एकेक करून ताडून पाहिली. बरोबर होती. ९ ऑगस्टला गावात ग्रामपंचायतीपुढे ती प्रत वाचली गेली. ज्यांची नावं आली त्यांची नातवंडं पुण्या-मुंबईहून आली होती. वगळलेल्या घराण्यातलं कुणी आलं नाही. आज्जींना खुर्ची पुढे दिली होती, चुलतीचं नाव आलं तेव्हा त्यांनी सुनेला ते पुन्हा सांगायला लावलं, कारण त्यांना नीट ऐकू येत नव्हतं.

मागण्यांचं म्हणाल तर दर्शनिकेबद्दलचं पत्र पोचल्याची पोच आली, त्यापुढे काही नाही. कागदपत्रांच्या सोयीचा प्रस्ताव अभिप्रायासाठी खाली गेला आणि तिथेच आहे. साक्षींचं काम मात्र सरकारची वाट न बघता सुरू झालं. जवळच्या महाविद्यालयातल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलांनी मोबाईलवर मुलाखती घ्यायला सुरुवात केली. मुलं पहिल्या दिवशी ‘तुम्हाला तेव्हा काय वाटलं’ असं विचारत होती आणि म्हातारी माणसं गप्प बसत होती. गुरुजींनी त्यांना ‘कोणत्या वाटेने गेलात, कोण भेटलं, काय नेलं’ असं विचारायला शिकवल्यावर बोलणं सुरू झालं. हे प्रश्न आता एका कागदावर छापले आहेत आणि तो कागद शेजारच्या गावांनी मागून नेला आहे.

कसोटीसाठी थांबवलेल्या नावांपैकी काहींना नंतर दुसऱ्या घरातून दुजोरा मिळाला. ती नावं कार्यालयाच्या वहीत वेगळ्या पानावर आहेत, पुढच्या अधिवेशनात औचित्याच्या मुद्द्याची सूचना पुन्हा द्यायची आहे. या वेळी मसुद्यात नावं आधी, मागण्या त्यांच्या लगेच मागे आणि इतिहासाचा परिच्छेद एकही नाही. गाडीवानाचं नाव त्या पानावर सर्वांत वर लिहिलं आहे. नाव गावाला पाठ असलं तरी त्यांच्या कामाची साक्ष तेव्हा एकाच घरातून आली होती, म्हणून पहिल्या भाषणात ते थांबवावं लागलं होतं.